तिचं अक्षर, माझी सही

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवालाही नाही — देवापुढे मी मागायला उभी राहते, सांगायला कधी राहिलेच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय. मधेच मी इकडचं तिकडचं बोलायला लागले तर समजून घ्या — नाही, समजून घेऊ नका. टाळतेय एवढं ओळखा.

मी लातूरला राहते. एका फार्मसी कॉलेजात डिप्लोमाच्या मुलांना शिकवते. औषध पोटात गेल्यावर पुढे त्याचं काय होतं, हा माझा विषय. मुलं म्हणतात, मॅडम लई भारी शिकवतात. म्हणतात ते खरं आहे. मी भारीच शिकवते. आता ते ज्ञान कुठून आलं — थांबा, त्याच्या आधी भिंतीवरची फ्रेम.

औषधाच्या दुकानात तुम्ही कधी मान वर करून बघितलंय? गल्ल्याच्या मागे, देवाच्या फोटोशेजारी किंवा मक्का-मदिनेच्या तसबिरीशेजारी, काचेत एक सर्टिफिकेट असतं. त्यावर एक नाव असतं. ज्याचं नाव, त्या फार्मासिस्टनं दुकानात हजर राहायचं आणि त्याच्या नजरेखालून गोळी बाहेर जायची, असा कायदा आहे. नांदेडला दवाखान्यांच्या गल्लीत शफीभाईंचं दुकान आहे, तिथे वर माझं नाव आहे. आणि मी लातूरला. मधे अहमदपूर, लोहा, तीन-साडेतीन तासांचा एसटीचा रस्ता. ह्याला आमच्यात ‘सर्टिफिकेट लावणं’ म्हणतात. नाव भाड्यानं द्यायचं. आमच्या बॅचमधल्या कितीतरी पोरींना हळद लागायच्या आधी सर्टिफिकेट लागलं होतं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. तेव्हा तरी नाही.

कॉलेजात मी नंतर लागले. म्हणजे कागदावर मी एकाच वेळी दोन गावांत हजर असायची. हे उघडं पडलं तर नोंदणी जाते, नोंदणी गेली की नोकरी जाते, आणि मग ‘मॅडम’ म्हणायला कोण उरतं? हे लक्षात ठेवा. मी तर एक दिवस विसरले नाही.

महिन्यातून एकदा मी नांदेडला जायची. काही औषधं विकली की रजिस्टरात नोंद करावी लागते — पेशंट कोण, डॉक्टर कोण, औषध किती — आणि प्रत्येक नोंदीपुढे फार्मासिस्टची सही. महिन्याभराच्या सह्या मी एका बैठकीत करायची. पर्समध्ये तीन पेनं असायची. आठवडाभर निळं, मधेच काळं, मग जरा फिकट निळं. म्हणजे रोजच्या रोज केल्यासारखं दिसतं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, माझं मलाच सुचलं. तेवढ्या बाबतीत मी फार हुशार होते.

नोंदी मात्र माझ्या नसायच्या. गोल, सरळ, जराही खाडाखोड नसलेलं अक्षर. ते आयनुराचं.

आयनुरा शफीभाईंची भावजय. त्यांचा धाकटा भाऊ किर्गिझस्तानला डॉक्टर व्हायला गेला होता. डॉक्टरकी अर्ध्यात सोडून आला, पण येताना बायको घेऊन आला. तो आता धर्माबादला मिरचीच्या आडतीवर बसतो. आणि ती — ती तिकडची शिकलेली फार्मासिस्ट. पाच वर्षांची पदवी आणि वर मोठ्या इस्पितळाच्या औषधविभागात तीन वर्षं नोकरी. इथल्या फार्मसी कौन्सिलला ती पदवी मान्य नव्हती. मान्य नव्हती म्हणजे चुकीची होती असं नाही. फक्त इथल्या यादीत त्या विद्यापीठाचं नाव नव्हतं. यादीत नाही म्हणजे शिकलेलीच नाही.

घरात बसून काय करणार, म्हणून शफीभाईंनी तिला काउंटरवर बसवलं. मराठी ती काउंटरवरच शिकली, इस्लापूर-किनवटकडून येणाऱ्या पेशंटांकडून. गोरी, बारीक डोळ्यांची, डोक्याला रुमाल बांधलेली ही बाई एखाद्या म्हातारीला, “आजे, काय होऊन राहिलं? कवापासून हाय?” असं विचारायची तेव्हा नवीन माणूस हसायचा. दुसऱ्यांदा आलेला हसायचा नाही. तो तिलाच शोधायचा.

मला ती ‘सुनीताताई’ म्हणायची. सह्यांच्या दिवशी माझ्यासाठी आतल्या बाजूला टेबल पुसून ठेवायची आणि रजिस्टर उघडून समोर सरकवायची. कुठं सही राहिली तर हळूच बोट ठेवायची. त्या बोटात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

एकदा मी सह्या करत असताना एक म्हातारे आले, सांध्यांनी वाकलेले. चिठ्ठीवर सांधेवाताची गोळी होती, रोज एक. आयनुरानं चिठ्ठी दोनदा वाचली आणि गोळ्या दिल्याच नाहीत. मला म्हणाली, “ताई, ही रोजची न्हाई. आठवड्याला एकच हाय. रोज खाल्ली तर बाबा मरून जाईल.” मला ते माहीत नव्हतं. खोटं कशाला बोलू — परीक्षेपुरतं कधी पाठ केलं असेल, पण त्या क्षणी माझ्या हातात चिठ्ठी असती तर मी रोजच्याच गोळ्या मोजून दिल्या असत्या. तिनं डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, तुम्ही कोण, फार्मासिस्टला द्या. तिनं फोन माझ्या हातात दिला आणि कानाशी सांगत गेली, मी बोलत गेले. डॉक्टर आधी तापले, मग त्यांनी डोस पुन्हा विचारला, मग म्हणाले, “मॅडम, फार मोठी चूक वाचवलीत. थँक्यू.” मी म्हणाले, “माझं कामच आहे, सर.”

आयनुरा शेजारीच उभी होती. तिला राग आला नाही. तिला आनंद झाला होता, बाबा वाचला म्हणून. त्यांना चिठ्ठी दुरुस्त करून देताना ती म्हणाली, “सोमवारची गोळी म्हणायचं हिला. सोमवार सोडून हात लावायचा न्हाई.” मी पुढच्या सह्या करत राहिले. तुम्हाला वाटेल, हीच ती गोष्ट, एवढ्याचंच हिला लागलंय. नाही हो. असल्या गोष्टी मी कित्येक पचवल्या.

कॉलेजात लागल्यावर माझी खरी पंचाईत झाली. पुस्तक वाचून दाखवणारी मॅडम मुलं आठवडाभर सहन करतात. मग मी दुपारी, दुकानात गर्दी नसायची तेव्हा, आयनुराला फोन करू लागले. उद्या लिव्हरचं शिकवायचंय गं. ती लगेच सुरू व्हायची. “ताई, लिव्हर म्हंजे टोलनाका समजा. पोटातून जे निघालं ते आधी नाक्यावर थांबतं. नाक्यावाला अर्धं ठेवून घेतो, उरलेलं पुढं सोडतो. म्हणून जिभेखाली ठेवायची गोळी येगळी — ती नाक्यावरून जातच न्हाई.” दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर टोलनाका काढला. वर्ग खूष. प्राचार्य खिडकीतून बघून गेले. पुढे दोन वर्षं माझा प्रत्येक तास असा नांदेडहून यायचा. ती कधी म्हणाली नाही की हे माझं आहे. उलट विचारायची, “पोरांना समजलं का, ताई?” तिला शिकवायची हौस होती. आणि मला — मला मॅडम असण्याची.

इथं नोंदणी मिळावी म्हणून तिनं केलेल्या अर्जाचं मला पहिल्यापासून माहीत होतं. तिकडून गुणपत्रकं मागवायची, ती रशियन भाषेत, मग भाषांतर, भाषांतरावर शिक्का, त्या शिक्क्यावर वकिलातीचा शिक्का. एक कागद आला की आधीच्याची मुदत संपलेली असायची. चार वर्षं गेली त्यात. नवऱ्याला आशा नव्हती, शफीभाईंनाही नव्हती, ते म्हणायचे, “आयनुरा, नक्को ना इतना दिल को लगाके लेव.” ती मात्र प्लास्टिकची निळी फाइल घेऊन झेरॉक्सच्या दुकानात उभी राहायची. शेवटी एकच दाखला राहिला. इथल्या नोंदणीकृत फार्मासिस्टच्या हाताखाली तिनं प्रत्यक्ष काम शिकलं, असं त्या फार्मासिस्टनं लिहून द्यायचं. तो मिळाला असता तर तिला परीक्षेला बसू देणार होते. आणि परीक्षेचं तिला काय भय? ती तर माझी मुलं पास करत होती.

दाखल्यावर मी सही केली. हो, केली. हसत केली. माझ्या हाताखाली ती शिकली, असं त्यात होतं. ते वाचताना आम्ही दोघींनीही एकमेकींकडे बघितलं नाही.

मग कौन्सिलकडून त्या दाखल्याच्या चौकशीला एक साहेब आले. मला आदल्या दिवशी शफीभाईंचा फोन आला, मी कॉलेजात तब्येतीचं कारण देऊन नांदेड गाठलं. पांढरा कोट घालून काउंटरच्या आत उभी राहिले. तो कोट आयनुराचाच होता, मला बाह्या आखूड होत होत्या. साहेब सभ्य होते. रजिस्टर चाळलं, फ्रेममधला फोटो आणि माझं तोंड ताडून पाहिलं. “रोज तुम्हीच असता?” मी म्हणाले, “हो.” ते खोटं जुनं होतं, तोंडात बसलेलं. मग सहज, अगदी सहज म्हणाले, “तुम्हाला कुठंतरी पाहिलंय, मॅडम. लातूरला असता का? माझी बहीण असते तिथं.”

बस्स. एवढंच. त्यांना संशय नव्हता. बोलायचं म्हणून बोलले होते. पण मला वाटलं, ह्यांना सगळं माहीत आहे आणि हे मला खेळवतायत. तेवढ्यात त्यांनी दाखला पुढे केला. “ह्यांना तुम्ही शिकवलंत ना? रोज किती तास? कोणत्या वेळेला?” तास, वेळ, हजेरी — एक उत्तर दिलं असतं की दुसरा प्रश्न आला असता, आणि कुठल्या तरी प्रश्नाला लातूरचं कॉलेज निघालं असतं. मी काय केलं असेल? सांगते. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच सांगते.

मी हसले. म्हणाले, “नाही हो साहेब, ही मालकांच्या घरातली. झाडलोट करते, कपाटं पुसते. औषधाला मी हात लावू देत नाही.”

“मग ही सही?”

“शफीभाईंनी मागितली, दिली. वाचलं नाही मी.”

शफीभाई मान खाली घालून गल्ला आवरायला लागले. बोलले असते तर दुकान गेलं असतं. साहेबांनी आयनुराकडे पाहिलं. तिच्याकडे खरं होतं, सगळंच्या सगळं. ते रजिस्टर उघडून ‘हे अक्षर कुणाचं?’ एवढंच तिनं विचारलं असतं तर? पान न् पान तिच्या बाजूनं बोललं असतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “हाव साहेब. झाडते मी.”

साहेबांनी तसं लिहून घेतलं.

परत येताना लोह्यापर्यंत मला फक्त सुटल्यासारखं वाटत होतं. हे पण सांगायला पाहिजे. रडू आलं नाही. स्टँडवर उतरून मी भजी खाल्ली.

महिन्याभरात तिला कौन्सिलचं पत्र आलं. खोटी माहिती दिल्याबद्दल अर्ज बंद. काही म्हणणं असेल तर तीस दिवसांत पुराव्यासह कळवावं. आयनुराचा मला फोन आला. आवाज नेहमीसारखाच. म्हणाली, “ताई, मी चार ओळी लिहून आणते. तुमच्यावर कायबी येनार न्हाई असंच लिहिते. सही कराल?” मी म्हणाले, रविवारी ये. करते.

रविवारी घरचे उदगीरला लग्नाला गेले होते. मी गेले नाही, पेपर तपासायचेत म्हणून. दुपारी बेल वाजली. मी दाराच्या भिंगातून पाहिलं. रुमाल बांधलेलं डोकं, हातात निळी फाइल, दुसऱ्या हातात मिरचीची पिशवी. माझ्यासाठीच आणली असणार.

मी दार उघडलं नाही.

कुकर लावलेला होता. शिट्टी झाली असती तर घरात माणूस आहे हे कळलं असतं. मी अनवाणी, टाचा उचलून स्वयंपाकघरात गेले आणि गॅस बंद केला. फोन पलंगावर होता, आवाज बंद करून ठेवलेला. तो उजळायचा, विझायचा, पुन्हा उजळायचा. ती जिन्यात पायरीवर बसली. शेजारच्या बिरादार काकूंनी तिला विचारलेलं मला आतून ऐकू आलं. “ताईची वाट बघून राहिले,” ती म्हणाली. काकूंनी पाणी दिलं. दोन तास ती बाहेर बसली होती आणि दोन तास मी आत, दाराला लागून, जमिनीवर. आमच्यामध्ये एक फळी होती फक्त. तिचा खोकला मला ऐकू येत होता. माझा श्वास तिला येत होता का? मी हे स्वतःला विचारायचं सोडून दिलंय.

ऊन कलायला लागलं तशी ती उठली. दाराच्या फटीतून एक कागद आत आला. तेच गोल अक्षर, मराठीत, चार ओळी. ‘आयनुरा यांना औषधांचं चांगलं ज्ञान आहे. हे मला स्वतःला माहीत आहे. मागच्या वेळी माझ्याकडून सांगण्यात चूक झाली. त्यांना परीक्षेला बसू द्यावे.’ खाली सहीसाठी जागा. दुकानाचं नाव नाही. हजेरी नाही, तास नाही, लातूर नाही. माझ्यावर खरंच काही येणार नाही, असं तिनं शब्द निवडून निवडून लिहिलं होतं.

म्हणजे भीतीचंही निमित्त राहिलं नाही. मग का नाही केली सही? तीस दिवसांतले चोवीस बाकी होते. पेन टेबलावर होतं — एक नाही, तीन होती. मी कागद घेऊन बसायची आणि दुसरी ओळ वाचायची. हे मला स्वतःला माहीत आहे. तिला येतं, असं एकदा मी लिहून दिलं, तर मला काय येतं? ह्या प्रश्नापाशी माझा हात थांबायचा. चोवीस दिवस थांबला. मुदत गेली.

शफीभाईंनी घाबरून तिला काउंटरवरून उठवलं. तिथं आता दुसरंच कुणी बसतं. रजिस्टरात खाडाखोड असते. मी अजून जाते, सह्या करते. आयनुरा त्याच गल्लीतल्या एका दवाखान्यात आहे — चादरी बदलते, पेशंटची भांडी उचलते. नर्सा तिला मावशी म्हणतात. सलाइनच्या बाटलीवर काय लिहिलंय ते ती वाचत असेल का? वाचत असेलच. आणि काही चुकीचं दिसलं तर बोलत असेल का? मला एकदा ती रस्त्यात दिसली. तिनं ‘ताई’ म्हणून हाक मारली, मुलांचं विचारलं, कॉलेजचं विचारलं. अर्जाचं दोघींनीही काढलं नाही. आता कुठल्याच अर्जात काही राहिलेलं नाही. खोटी माहिती देणारी म्हणून तिचं नाव तिथे आहे, आणि ते तसंच राहणार. निदान ह्या जन्मात तरी.

इथवर सांगून मला थांबता आलं असतं. पण त्याच रविवारचं एक राहिलंय. साहेबांपुढे मी घाबरले होते, कागदापुढे मला माझीच लाज वाटली होती. हे तिसरं तसलं काहीच नाही.

संध्याकाळी मी कचरा टाकायला बाहेर आले तर बिरादार काकू जिन्यात उभ्या. म्हणाल्या, “अगं, तू घरातच होतीस? ती नेपाळी का कोण, किती वेळ बसली होती तुझ्यासाठी! कोण गं ती?”

समोर कुणी साहेब नव्हते. काकूंना फार्मसीतलं ओ की ठो कळत नाही. मी काहीही सांगू शकले असते. मैत्रीण आहे म्हणाले असते तरी चाललं असतं. माझी गुरू आहे म्हणाले असते तरी काकूंनी नुसतं “अगं बाई” म्हटलं असतं.

मी म्हणाले, “नांदेडला एका मेडिकलमधे झाडू मारते. मागायला आली असेल काहीतरी.”

काकू म्हणाल्या, “बरं केलंस दार उघडलं नाहीस. असल्यांना एकदा घरात घेतलं की सवय लागते.”

मी म्हणाले, “तेच ना.”